वरचा नंबर घ्यावा की नाही? एनएफएल ड्राफ्टच्या वादात नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

२०२१ च्या मार्चमधला शेवटचा शुक्रवार. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या आमच्या सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सनी मायामी डॉल्फिन्सशी सौदा केल्याची बातमी आली आणि फ्रीमाँटच्या आमच्या मराठी ग्रुपवर फोन थरथरायचा थांबेना. नवे खेळाडू निवडायच्या रांगेत बाराव्या क्रमांकावरून थेट तिसऱ्या क्रमांकावर उडी. बदल्यात बारावा क्रमांक तर दिलाच, शिवाय २०२२ आणि २०२३ चे पहिल्या फेरीचे पिक (निवडीच्या पाळ्या) आणि वर तिसऱ्या फेरीचा एक. मी लिहिलं, "शेवटी एकदाची हिंमत केली!" खाली चाळीस अंगठे. ग्रुपमधल्या एका काकांनी मात्र दोनच शब्द लिहिले: "पण कोणासाठी?"

ते कोणालाच माहीत नव्हतं. ड्राफ्टला, म्हणजे त्या निवडीला, अजून महिना होता. आम्ही किंमत मोजून मोकळे झालो होतो आणि माल कोणता ते ठरायचं होतं.

तेव्हापासून दर एप्रिलला पुण्याहून भाच्याचा फोन येतो. "मामा, सगळे ट्रेड अप, ट्रेड अप करतायत, मी कोणाच्या बाजूनं बोलू?" त्याला तुकड्यातुकड्यानं जे सांगितलं ते इथे ओळीनं मांडतो. तुम्ही न्यू जर्सीत नुकतेच उतरला असाल आणि ऑफिसात जायंट्सवाले आणि ईगल्सवाले तुमच्या डोक्यावरून भांडत असतील, तर तुमच्याही उपयोगी पडेल.

पायरी १: आधी रांग समजून घ्या

एनएफएलमध्ये ३२ संघ. एप्रिलच्या शेवटी तीन दिवस, सात फेऱ्यांत, कॉलेज फुटबॉलमधून येणाऱ्या खेळाडूंची निवड होते. गेल्या हंगामात जो सगळ्यात वाईट खेळला तो रांगेत पहिला, सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकणारा शेवटचा. पहिले १८ क्रमांक प्लेऑफला न पोचलेल्यांचे, पुढचे १४ पोचलेल्यांचे, जितके पुढे गेलात तितके मागे. हरलेल्याला आधी वाढायचं, अशी ही पंगत.

आयपीएलचा लिलाव डोक्यात असेल तर तो आधी काढून टाका. तिथे पैसा बोलतो, इथे पाळी. खेळाडूला कोणता संघ हवा हे विचारलंच जात नाही. ज्यानं नाव पुकारलं त्याच्याशीच करार. आणि ही पाळी म्हणजेच 'पिक'. शेतातलं पीक नव्हे, पण थोडं पुढे गेलात की त्या पिकाचीही आठवण येईल.

१९३६ मध्ये, फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेल यांच्या सूचनेवरून, पहिला ड्राफ्ट झाला. त्यातला पहिलावहिला पिक जे बरवँगर. ईगल्सनी त्याला घेतलं, पैशांचं जमणार नाही हे दिसल्यावर त्याचे हक्क शिकागो बेअर्सना देऊन टाकले, आणि हा गडी व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. सौदा आणि पस्तावा, दोन्ही पहिल्याच वर्षापासून हजर आहेत.

वेळेचं एक सांगून ठेवतो. पहिली फेरी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारी रात्री ८ ला सुरू होते. म्हणजे आमच्याकडे संध्याकाळचे ५ आणि भारतात शुक्रवारी पहाटेचे ५:३०. भाचा आणि मी दोघंही चहा घेऊनच बसतो, फक्त त्याचा उठल्यानंतरचा आणि माझा कामावरून आल्यानंतरचा.

पायरी २: भिशी आठवा

ट्रेड अप म्हणजे रांगेत पुढे उभ्या असलेल्या संघाला आपली जागा आणि वर काहीतरी देऊन त्याची जागा घेणं. उलट बाजूनं बघितलं की त्याचं नाव ट्रेड डाऊन.

लिलावाची भिशी जिनं चालवली आहे अशी एखादी आत्या घरात असेल तर तिला हे समजावून सांगावं लागणार नाही. बारा जणींची भिशी, प्रत्येकीचा नंबर कधीतरी लागणारच. पण जिला मुलीच्या फीसाठी पैसे पहिल्याच महिन्यात हवेत, ती कमी रक्कम घेऊन पहिला नंबर उचलते. तिनं सोडलेली रक्कम बाकीच्या वाटून घेतात. घाई तिची, फायदा थांबणाऱ्यांचा. आता ती मूर्ख ठरते का? फी खरंच त्याच महिन्यात भरायची असेल तर नाही. नुसता सोफा बदलायचा असेल तर हो. ट्रेड अपचा प्रत्येक वाद शेवटी इथे येतो, की ही फी आहे की सोफा.

पायरी ३: कागद-पेन्सिल घ्या आणि तक्ता उघडा

नव्या माणसाला वादात मान मिळवायचा असेल तर ही पायरी सोडू नका. सगळे आरडाओरडा करत असतात, बेरीज कोणी करत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजकडे पिकांचा ढीग होता आणि त्यांची अदलाबदल ते सतत करत. क्लबमधले एक भागीदार माइक मॅकॉय यांनी आधीचे सौदे बघून प्रत्येक क्रमांकाला गुण लावले. तो तक्ता प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावानं ओळखला जातो. त्यात पहिला क्रमांक ३००० गुणांचा, दुसरा २६००, तिसरा २२००, पाचवा १७००, दहावा १३००, सोळावा १०००, आणि पहिल्या फेरीतला शेवटचा, बत्तिसावा, ५९०. वरच्या टोकाला उतार किती तीव्र आहे बघा. पहिल्यावरून तिसऱ्यावर घसरलात की ८०० गुण गेले, आणि विसाव्यावरून बत्तिसाव्यापर्यंत बारा घरं उतरलात तरी २६० च जातात.

पुढच्या वर्षीच्या पिकासाठी एक जुनी चालरीत आहे. एक वर्ष थांबायचं तर एक फेरी खाली मोजायचं. पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक म्हणजे यंदाच्या दुसऱ्या फेरीच्या मधला, साधारण ४२० गुण. दोन वर्षांनंतरचा म्हणजे तिसऱ्या फेरीच्या मधला, साधारण १९०.

आता तीन सौदे मोजून बघू.

२०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी बफलो बिल्सकडून दहावा क्रमांक घेतला. त्याची किंमत १३००. दिलं काय? २७ वा (६८०), ९१ वा (१३६) आणि २०१८ चा पहिल्या फेरीचा पिक (४२० धरू). बेरीज १२३६. तक्त्याप्रमाणे चीफ्सना चक्क थोडं स्वस्तात पडलं. त्या क्रमांकावर त्यांनी पॅट्रिक माहोम्स या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्याला, घेतलं. पुढच्या सात वर्षांत तीन सुपर बोल.

२०१२ मध्ये वॉशिंग्टननं सेंट लुइस रॅम्सकडून दुसरा क्रमांक घेतला, २६०० गुणांचा. दिले सहावा (१६००), ३९ वा (५१०), २०१३ चा पहिल्या फेरीचा (४२०) आणि २०१४ चा पहिल्या फेरीचा (१९०). बेरीज २७२०. फक्त १२० गुण जास्त. म्हणजे तक्ता म्हणतो, सौदा ठीक. खेळाडू क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन, लाडानं आरजी-थ्री. पहिल्या वर्षी आक्रमणातला सर्वोत्कृष्ट नवखा ठरला, त्याच हंगामाच्या प्लेऑफमध्ये गुडघा गेला, आणि तो खेळाडू पुन्हा तसा दिसलाच नाही.

२०१८ मध्ये बफलो बाराव्यावरून सातव्यावर गेलं, टँपा बे बकानिअर्सकडून. सातवा म्हणजे १५०० गुण. दिले १२ वा (१२००), ५३ वा (३७०) आणि ५६ वा (३४०). एकूण १९१०. चारशेच्या वर गुण उधळले! तक्त्यानं सरळ नापास केलेला सौदा. त्यातून आला क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन, आणि आज बफलोत त्या चारशे गुणांचा हिशेब मागणारा माणूस शोधूनही सापडणार नाही.

भाच्यानं इथे मला अडवलं होतं. "मग तक्ता कशाला मोजायचा, मामा? पास केलेला बुडाला, नापास केलेला तरला." बरोबर आहे. तक्ता बाजारभाव सांगतो. भाजी कितीला मिळाली ते कळतं, ती घरात कोणी खाणार आहे का ते नाही. पण भाव माहीत असल्याशिवाय 'लुटलं' किंवा 'लुटलो' म्हणण्यात अर्थ नाही, आणि वादातली निम्मी माणसं नेमकं तेच म्हणत असतात.

जॉन्सनचा तक्ता आता जुना झाला आहे. जेसन फिट्झजेराल्ड आणि ब्रॅड स्पीलबर्गर यांच्यासारख्या अभ्यासकांनी खेळाडू पुढे किती कमावतात त्यावरून नवे तक्ते केले आहेत. त्यांत वरच्या क्रमांकांचा भाव इतका चढा नाही आणि मधले क्रमांक जास्त मोलाचे ठरतात. नव्या तक्त्यावर मोजलं की ट्रेड अप करणारा बहुतेक वेळा तोट्यात दिसतो. समोरचा कोणता तक्ता वापरतोय ते आधी विचारून घ्या, नाहीतर दोघंही बरोबर असून तासभर भांडाल.

पायरी ४: पुढच्या वर्षीचं पीक गहाण टाकताय का ते बघा

वॉशिंग्टनच्या हिशेबात मी २०१४ चा पिक १९० गुणांना धरला. प्रत्यक्षात काय झालं? २०१३ चा हंगाम वॉशिंग्टनला इतका वाईट गेला की तो पिक दुसऱ्या क्रमांकाचा निघाला, २६०० गुणांचा! ज्या जागेसाठी दोन वर्षांपूर्वी सगळं ओतलं, तीच जागा परत चालत आली होती, आणि ती आता रॅम्सची होती.

शेतकऱ्याला उभं पीक आगाऊ विकायची वेळ येते तेव्हा व्यापारी भाव पाडूनच देतो. पाऊस कसा पडेल हे दोघांनाही माहीत नसतं, पण नड एकाचीच असते. इथेही तेच. 'पुढच्या वर्षी आपण चांगलंच खेळणार, मग आपला पिक तिशीतला असेल, दिला तर काय बिघडलं' हे वाक्य तुम्ही दर एप्रिलला ऐकाल. ते म्हणणाऱ्याला कॅरोलायना पँथर्सची गोष्ट सांगा.

२०२३ च्या मार्चमध्ये पँथर्सनी शिकागोकडून पहिला क्रमांक घेतला. दिले नववा, ६१ वा, २०२४ चा पहिल्या फेरीचा, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा, आणि डी. जे. मूर नावाचा चांगला तयार रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा). घेतला क्वार्टरबॅक ब्राइस यंग. त्या हंगामात पँथर्स २ जिंकले आणि १५ हरले. लीगमधली सगळ्यात वाईट कामगिरी, म्हणजे २०२४ चा पहिला क्रमांक त्यांचा. पण तो शिकागोला देऊन बसले होते. शिकागोनं त्यावर केलब विल्यम्सला घेतलं. आणि मीठ चोळायला ह्यूस्टन टेक्सन्स होतेच. यंगच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर, पाळी न बदलता, त्यांनी सी. जे. स्ट्राउड या क्वार्टरबॅकला घेतलं आणि तोच त्या वर्षीचा आक्रमणातला सर्वोत्कृष्ट नवखा ठरला.

एक गंमत म्हणजे ट्रेड अपच्या विरोधात बोलणारे टेक्सन्सचं उदाहरण देतात आणि थांबतात. त्याच रात्री टेक्सन्सनी बाराव्यावरून तिसऱ्यावर उडी मारली, २०२४ चा पहिल्या फेरीचा पिकही दिला, विल अँडरसनसाठी. तो बचावातला सर्वोत्कृष्ट नवखा ठरला. त्यांनी दिलेला पिकही 'पुढच्या वर्षीचा'च होता. फरक इतकाच की त्यांच्या शेतात पाऊस पडला.

म्हणून नियम असा नाही की पुढचं देऊच नये. नियम असा की देताना स्वतःच्या संघाकडे त्याच्या शेजाऱ्याच्या नजरेनं बघा. आपला क्वार्टरबॅक जखमी झाला तर? पहिलं वर्ष नवख्याला जड गेलं तर? जो संघ आधीच तळाशी आहे आणि नवख्याच्या हाती सगळं सोपवतोय, त्याचा पुढचा पिक महाग निघण्याचा धोका सगळ्यात मोठा. आणि नेमके तसेच संघ ट्रेड अप करायला उतावीळ असतात.

पायरी ५: कोणत्या जागेसाठी?

थोडक्यात: क्वार्टरबॅकसाठी असेल तर वाद खुला, रनिंग बॅकसाठी (चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी) असेल तर बहुधा बंद.

कारण पैशात आहे. २०११ पासून नवख्यांचे पगार क्रमांकानुसार बांधलेले आहेत. त्याआधी २०१० चा पहिला क्रमांक सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर कबूल झाले होते, त्यातले ५ कोटी हमखास. पुढच्याच वर्षीच्या पहिल्या क्रमांकाला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे साधारण २.२ कोटी. नवखा क्वार्टरबॅक चांगला निघाला तर चार वर्षं तो मुरलेल्या क्वार्टरबॅकच्या तुलनेत फुकटात पडतो, पहिल्या फेरीतला असेल तर संघाच्या हातात पाचव्या वर्षाचा पर्यायही असतो. वाचलेल्या पैशांत बाकी घर सजवता येतं. रनिंग बॅक मुळात स्वस्त, त्यामुळे तिथे वाचणार काय?

रनिंग बॅकची अमर कथा १९९९ ची. न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांनी रिकी विल्यम्ससाठी त्या वर्षीचे आपले सगळेच्या सगळे सहा पिक वॉशिंग्टनला दिले, वर २००० चे पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचे. बाराव्यावरून पाचव्यावर येण्यासाठी एकूण आठ पिक! एका क्रीडा मासिकाच्या मुखपृष्ठावर दोघं नवरा-नवरीच्या वेषात झळकले, विल्यम्स पांढऱ्या झग्यात. गुडघ्याला बाशिंग इतकं उघडपणे क्वचितच कोणी बांधलं असेल. सेंट्स त्या हंगामात ३ जिंकले, १३ हरले, डिटका घरी. विल्यम्स वाईट खेळाडू नव्हता, पण त्याच्याबरोबर खेळायला संघात त्या वर्षी ड्राफ्टमधून दुसरं कोणी नवं आलंच नाही.

रिसीव्हरबद्दल माझं मत डळमळतं. २०११ मध्ये अटलांटा फाल्कन्सनी हूलिओ जोन्ससाठी २७ व्यावरून सहाव्यावर येताना क्लीव्हलँडला पाच पिक दिले. जोन्स त्याच्या पिढीतला अव्वल रिसीव्हर झाला. फाल्कन्स सुपर बोलला गेले, २८-३ अशी आघाडी घेतली आणि तिथून हरले, त्यात जोन्सचा काही दोष नाही. आणि क्लीव्हलँडनं त्या पिकांचं सोनं केलं म्हणावं तर तेही नाही. मग सौदा चांगला की वाईट? आमच्या ग्रुपमध्ये यावर अजून दोन तट आहेत. मी दर वर्षी तट बदलतो.

पायरी ६: पेटी फोडायच्या आधी आंबा कळतो का?

ड्राफ्ट आणि हापूस एकाच महिन्यात येतात, त्यामुळे हा दाखला आपसूक सुचतो. पेटीतला वरचा थर केशरी, देखणा. व्यापारी म्हणतो, हा बघा, हा वेगळाच. तुम्ही दुप्पट भाव देता. कापल्यावर कळतं.

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर (२०१७ चं नोबेल त्यांचं) आणि केड मॅसी यांनी ड्राफ्टचा बारकाईनं अभ्यास केला. एका जागेवर खेळणारा आधी निवडलेला खेळाडू आणि त्याच जागेवरचा त्याच्या लगेच नंतर निवडलेला खेळाडू घ्या. आधीचा सरस ठरण्याची शक्यता किती? ५२ टक्के. नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरी. संघ भरपूर पाहतात, मोजतात, मुलाखती घेतात, आणि तरीही 'हा की तो' यावरची त्यांची खात्री जितकी असते तितकं ज्ञान नसतं.

यासाठी मी एक प्रश्न ठेवला आहे आणि नवख्यांनी तो पाठच करावा: "आपण जिथे आहोत तिथेच थांबलो तर कोण मिळेल, आणि तो या हव्या असलेल्या मुलापेक्षा नेमका किती कमी आहे?" बहुतेक वेळा समोरचा हव्या असलेल्या मुलाबद्दल अर्धा तास बोलतो आणि थांबलो तर कोण मिळेल याबद्दल त्याला एक नावही सांगता येत नाही.

आता आमची गोष्ट. त्या तिसऱ्या क्रमांकावर फॉर्टीनाइनर्सनी ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला घेतलं. दोन हंगामांत मिळून तो चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. २०२२ च्या दुसऱ्याच सामन्यात घोटा मोडला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डॅलसला देऊन टाकला, चौथ्या फेरीच्या एका पिकाच्या बदल्यात. दरम्यान २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर त्यांनी ब्रॉक पर्डी नावाचा एक मुलगा घेतला होता. शेवटच्या क्रमांकाला इथे थट्टेनं 'मिस्टर इर्रेलेव्हंट' म्हणतात, म्हणजे बिनमहत्त्वाचे महाशय. डिसेंबरमध्ये दुसरा क्वार्टरबॅकही जखमी झाला तेव्हा हा महाशय मैदानात उतरला, तोही मायामीविरुद्ध, ज्यांना आम्ही सगळं देऊन बसलो होतो. तो सामना जिंकला, आणि पुढच्या हंगामात संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला.

याचा अर्थ 'शेवटच्या फेरीतच क्वार्टरबॅक घ्यावा' असा कोणी काढला तर हात जोडा. पर्डी अपवाद आहे. अर्थ इतकाच, की शेवटच्या फेरीचं का होईना, हातात लॉटरीचं एक तिकीट होतं. वॉशिंग्टननंही २०१२ मध्ये ग्रिफिनबरोबरच चौथ्या फेरीत कर्क कझिन्सला घेऊन ठेवलं होतं, आणि पुढची काही वर्षं त्यानंच निभावून नेली.

पायरी ७: नेमकं कोणाला ओलांडताय?

सगळे ट्रेड अप राक्षसी नसतात. दोन घरं पुढे सरकणं हा वेगळा खेळ आहे आणि मला तो जास्त आवडतो.

२०२१ मध्ये ईगल्स बाराव्यावर होते. अकराव्यावर जायंट्स, आणि रिसीव्हर डिव्हाँटा स्मिथ त्यांच्या हाती जाईल अशी सगळ्यांची अटकळ. दहाव्यावर डॅलस. ईगल्स, जायंट्स, डॅलस तिघंही एकाच विभागातले, एकमेकांचे पक्के वैरी. तरी ईगल्सनी डॅलसला तिसऱ्या फेरीचा ८४ वा पिक देऊन जागा बदलली आणि जायंट्सच्या नाकासमोरून स्मिथला उचललं. तक्त्यावर मोजा: १२०० अधिक १७०, समोर १३००. सत्तर गुण जास्त देऊन शेजाऱ्याला ओलांडलं. अशा सौद्यात पुढचं वर्ष शाबूत राहतं आणि कोणासाठी, कोणाच्या पुढे, हे सगळं स्पष्ट असतं.

आणि तो बारावा क्रमांक ओळखीचा वाटला का? तोच, आमचा. सॅन फ्रान्सिस्कोहून मायामीला, मायामीहून त्याच दिवशी फिलाडेल्फियाला, तिथून डॅलसला. डॅलसनं त्यावर मायका पार्सन्सला घेतलं. लीगमधला सगळ्यात भीतिदायक पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) झाला तो. हे वाक्य लिहायला मला पाणी प्यावं लागलं.

घड्याळही लक्षात ठेवा. प्रत्येक पाळीला ठराविक मिनिटं मिळतात, त्यात सौदा दोन्ही बाजूंनी लीगला कळवावा लागतो. २००३ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज सातव्यावर असताना बाल्टिमोरशी सौदा करता करता वेळ संपली. जॅक्सनव्हिल आणि कॅरोलायना यांनी पळत जाऊन आपली नावं देऊन टाकली, व्हायकिंग्ज नवव्यावर ढकलले गेले. जगभर हसं झालं. नवव्यावर त्यांनी केव्हिन विल्यम्सला घेतलं आणि तो बचावफळीत दहाएक वर्षं खांबासारखा उभा राहिला. टीव्हीवर 'सौदा फिसकटला' दिसलं की लगेच छाती पिटू नका.

पायरी ८: खुर्ची कोणाची हलतेय?

हे छोटंसंच. सौदा करणारा जनरल मॅनेजर पुढच्या दोन वर्षांत त्या खुर्चीत असेल का, हे बघा. ज्याला यंदा जिंकलं नाही तर घरी जायचंय, त्याच्यासाठी २०२८ चा पिक म्हणजे दुसऱ्याच्या खिशातले पैसे. तो देणारच. चाहता मात्र २०२८ मध्येही तीच जर्सी घालून बसलेला असतो.

पायरी ९: वादात बसताना

निकाल लागल्यावर शहाणपण सगळ्यांनाच येतं. माहोम्स दाखवून 'ट्रेड अप करायलाच हवा' आणि लान्स दाखवून 'कधीच करू नये' म्हणणारे दोघंही एकच चूक करतायत. ईगल्सनी २०१६ मध्ये कार्सन वेंट्झसाठी आठव्यावरून दुसऱ्यावर जाताना भरपूर मोजलं. पुढच्याच वर्षीच्या हंगामात ते सुपर बोल जिंकले, पण वेंट्झ जखमी होता आणि चषक उचलला निक फोल्स या राखीव क्वार्टरबॅकनं. तो सौदा कोणत्या खात्यात टाकायचा ते फिलाडेल्फियाच्या माणसाला विचारा, आणि विचारताना जरा लांब उभे राहा.

दुसऱ्या संघाच्या माणसाला त्याची जखम आठवण करून द्यायची तर आधी आपली दाखवावी, हा आमच्या ग्रुपचा रिवाज. रॅम्सनी मात्र तो पाळला नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात नाणेफेकीला त्यांनी कर्णधार म्हणून नेमके तेच सहा खेळाडू पाठवले, जे ग्रिफिनच्या सौद्यातल्या पिकांतून आले होते. आणि मग २४-० नं जिंकले. खुन्नस असावी तर अशी, पण ऑफिसात नको.

आमच्याकडे आता एक वही आहे. सुरुवात काकांनीच केली. पहिली फेरी सुरू व्हायच्या आधी प्रत्येकानं एक ओळ लिहायची: आपल्या संघानं कोणासाठी वर जावं, जास्तीत जास्त काय द्यावं, आणि थांबलो तर कोण चालेल. खाली सही. नंतर खाडाखोड नाही. भाचा पुण्याहून फोटो काढून पाठवतो, तो चिकटवतो.

पहिल्या पानावर, २९ एप्रिल २०२१ या तारखेखाली, माझ्या अक्षरात लिहिलंय: "लान्स. दोन काय, तीन पहिल्या फेऱ्या गेल्या तरी चालतील. थांबलो तर: —" तिथे नुसती रेघ आहे. दर एप्रिलला चहा ओतायच्या आधी काका ते पान मोठ्यानं वाचतात, आणि रेघेपाशी आले की चष्मा काढून माझ्याकडे बघतात.